न मागवलेली कथा

२० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘क्लार्क्सवर्ल्ड’ने नव्या कथा घेणे थांबवले. न्यू जर्सीत राहणारे नील क्लार्क २००६ पासून हे विज्ञानकथा-अद्भुतकथांचे मासिक ऑनलाइन काढतात. त्या फेब्रुवारीच्या पहिल्या वीस दिवसांत त्यांच्याकडे माणसांनी लिहिलेल्या सुमारे ७०० कथा आल्या होत्या आणि यंत्राकडून लिहून घेतलेल्या सुमारे ५००. वीसहून अधिक कथांचे शीर्षक एकच होते, ‘द लास्ट होप’. पाठवणाऱ्यांना विज्ञानकथेशी काही देणेघेणे नव्हते. घरबसल्या झटपट पैसे कसे मिळवावेत हे शिकवणारे व्हिडिओ पाहून ते आले होते, आणि शब्दामागे मानधन देणारे मासिक कुणीतरी त्यांना दाखवून दिले होते.

क्लार्क यांच्यापुढे सोपे उपाय होते. कथेमागे थोडे वाचनशुल्क लावता आले असते. फक्त आधी छापून आलेल्या लेखकांकडूनच कथा मागवता आल्या असत्या. ज्या देशांतून असा माल जास्त येतो तिथला मजकूर सरसकट अडवता आला असता. यंत्रलेखन ओळखून देतो म्हणणारे एखादे सॉफ्टवेअर विकत घेऊन त्याच्यावर भिस्त ठेवता आली असती. त्यांनी हे सगळे उपाय नाकारले आणि कारणेही उघडपणे मांडली. शुल्क लावले की ज्याच्याकडे पैसे नाहीत किंवा ज्याचे कार्ड परदेशी व्यवहाराला चालत नाही असा लेखक बाहेर राहतो. ओळखीच्यांचीच यादी केली की नवा माणूस कधीच आत येत नाही. ओळख पटवणारी सॉफ्टवेअरे भरवशाची नाहीत, आणि त्यांचा फटका इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा आहे अशांना बसण्याची भीती मोठी. मार्चमध्ये मासिकाने पुन्हा कथा घेणे सुरू केले. कथा स्वीकारण्याची संगणकीय व्यवस्था क्लार्क यांनी पूर्वीच स्वतः लिहिलेली होती, तीत त्यांनी गाळणी बसवली. संशय आलेला मजकूर रांगेत मागे जातो, पण शेवटचा निर्णय माणूसच करतो.

हा प्रसंग इथे सविस्तर देण्याचे कारण आहे. लहान नियतकालिक चालवण्याबद्दल आपण बोलू लागलो की गाडी लगेच वर्गणी, जाहिराती, संकेतस्थळाचा खर्च यांवर जाते. त्यावर पुढे लिहिलेच आहे. पण या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच असू शकतो असे आम्हाला ठामपणे वाटते: कुणी न मागता, कुणाच्या ओळखीशिवाय पाठवलेली कथा कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन वाचावी. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या प्रकारांना याची गरज इतरांहून जास्त आहे. इथे नवी कल्पना साहित्यवर्तुळाच्या बाहेरून येते. प्रयोगशाळेतून, कारखान्यातून, शेतकी महाविद्यालयातून, एखाद्या तालुक्याच्या गावी कॉल सेंटरची रात्रपाळी करणाऱ्या मुलीकडून. संपादकाच्या फोनमध्ये यांचे नंबर नसतात.

मराठी वाचकाला याचा सर्वांत मोठा दाखला ठाऊक आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णु नारळीकर होते. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते, आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून मंगला नारळीकर यांनी कथा लिहून काढली होती. केंब्रिजहून परतलेल्या, देशभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञाला कोणत्याही संपादकाने पायघड्या घातल्या असत्या. त्यांना मात्र आपली कथा कथा म्हणून उतरते का, एवढेच पाहायचे होते. ते शक्य झाले, कारण अनोळखी नावाची कथा वाचायला परिषदेचे परीक्षक बसले होते.

आपल्या दिवाळी अंकांची रीत याच्या उलट आहे. जून-जुलैत संपादकांचे फोन सुरू होतात, ठरावीक पंचवीस-तीस लेखकांकडे कथा मागितल्या जातात, आणि टपालाने किंवा मेलने आलेल्या मजकुराकडे पाहायला वेळच उरत नाही. निमंत्रित साहित्याची परंपरा आम्हाला मोलाचीच वाटते. तिने मराठीला फार चांगल्या कथा दिल्या. पण ऑनलाइन अंकालाही पानांची मर्यादा असल्याप्रमाणे आपण तीच रीत चालवतो, तेव्हा या माध्यमाने दिलेली मोकळीक वाया जाते. आणि नकाराचे पत्र तर जवळजवळ नाहीसेच झाले आहे. पूर्वी ‘साभार परत’ची चिठ्ठी तरी यायची. आज नव्या लेखकाला वर्षभर काहीच कळत नाही. महिन्याला हजारभर कथा येत असूनही ‘क्लार्क्सवर्ल्ड’ बहुतेकांना काही दिवसांत उत्तर देते. आपल्याकडे महिन्याला वीस कथा येत असतील तर महिन्याभरात उत्तर देणे अवघड नाही. दोन ओळी पुरतात.

वाचन सुसह्य करण्याचा एक उत्तम मार्ग ‘स्ट्रेंज होरायझन्स’ने दाखवला. सप्टेंबर २००० मध्ये मेरी ॲन मोहनराज यांनी सुरू केलेल्या या साप्ताहिकाने, आमच्याकडे वारंवार येणारी कथानके अशी एक लांबलचक यादीच प्रसिद्ध केली. यादीत असलेली कथा घेणारच नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते. एवढेच सांगायचे होते की ही वाट फार मळलेली आहे. मराठीत अशी यादी करायला घेतली तर विज्ञानकथा स्पर्धेचे परीक्षण केलेला कोणीही पहिल्या पाच-सहा नोंदी सहज सांगेल. प्राध्यापक काका दोन पाने पुतण्याला सिद्धान्त समजावतात. शेवटच्या वाक्यात कळते की निवेदक यंत्रमानव आहे. कालयंत्रातून नायक शिवकाळात जातो आणि गडावर पोचताच कथा संपते. महाभारतातले अस्त्र म्हणजे अणुबॉम्ब होता असा शोध लागतो. सगळे स्वप्न निघते. ही यादी अंकाच्या संकेतस्थळावर टाकावी. नव्या लेखकाला तिचा दहा कार्यशाळांहून अधिक उपयोग होईल, कारण संपादक कशाला कंटाळला आहे हे त्याला एरवी कुणी सांगत नाही.

आता पैसा. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने व्यावसायिक मानलेला किमान दर २०१९ पासून शब्दाला आठ सेंट आहे. म्हणजे पाच हजार शब्दांच्या कथेला ४०० डॉलर. महिन्याला चार कथा छापायच्या तर वर्षाला १९,२०० डॉलर केवळ मानधनाचे, आणि अंक मात्र वाचकाला फुकट. हे जमवायचे कसे, यावर गेल्या पंचवीस वर्षांत तिथे निरनिराळे प्रयोग झाले. एका वाहिनीच्या पैशावर एलन डॅटलो यांनी २००० ते २००५ ‘साय फिक्शन’ चालवले. तिथे आलेली लिंडा नागाटा यांची ‘गॉडेसेस’ ही नेब्युला पारितोषिक मिळवणारी पहिली ऑनलाइन कथा ठरली. मानधन उत्तम, संपादन त्याहून उत्तम. वाहिनीला त्यातून फायदा दिसेना, तेव्हा मासिक बंद झाले आणि काही काळाने जुन्या कथाही संकेतस्थळावरून काढून टाकल्या गेल्या. एकाच मोठ्या आश्रयदात्यावर उभे असलेले नियतकालिक त्याच्या एका बैठकीत संपते.

‘स्ट्रेंज होरायझन्स’ने दुसरे टोक धरले. संपादकापासून मुद्रितशोधकापर्यंत सगळे विनावेतन, वाचकांकडून दरवर्षी देणग्यांची मोहीम, आणि जमलेले पैसे लेखक-चित्रकारांना. पंचवीस वर्षे ते टिकले आहे, २०२४ मध्ये त्याला ह्यूगो पारितोषिकही मिळाले, आणि पहिल्या अंकापासूनच्या कथा आजही वाचता येतात. या पद्धतीतली झीज मात्र माणसांची असते. म्हणून तिथे काम पुष्कळ हातांत वाटलेले आहे. एकट्याच्या उमेदीवर अंक काढणाऱ्यांनी क्लार्क यांचेही उदाहरण पाहावे: नोकरी सांभाळून दहा वर्षे अंक काढल्यावर २०१७ मध्ये ते पूर्णवेळ याच कामाला लागू शकले.

तिसरा धडा अलीकडचा आहे. यातली अनेक मासिके फुकट वाचता येत असली तरी बरेच वाचक ॲमेझॉनच्या किंडलवर महिन्याची वर्गणी भरत, आणि काही मासिकांचा तो मोठा आधार होता. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ही वर्गणी-योजना बंद करण्याचे जाहीर केले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती संपली. वर्गणीदारांचे पत्ते मासिकांकडे नव्हतेच, ते दुकानाकडे होते. आपले वर्गणीदार कोण, हे प्रत्येक मासिकाला आपल्या अंकातून ओरडून विचारावे लागले. आपल्याकडची फेसबुक पाने आणि व्हॉट्सॲप गट यांची गत वेगळी नाही. ज्याचा ईमेल पत्ता आपल्या वहीत आहे तोच आपला वर्गणीदार.

मराठीत हे आकडे कसे बसतील? शब्दाला एक रुपया धरू. चार हजार शब्दांची कथा चार हजार रुपयांची. महिन्याला दोनच कथा घ्यायच्या, म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये. वर्षाला पाचशे रुपये देणारे दोनशे वाचक मिळाले तर एक लाख होतात, आणि उरलेल्या चार हजारांत संकेतस्थळाचा नाव-जागेचा खर्च भागतो. यूपीआयमुळे ही वर्गणी चंदगडहून आणि चंद्रपूरहूनही विनासायास येते. परदेशातल्या मराठी वाचकांची वर्गणी हा वरचा आधार समजावा, त्यावर हिशेब उभा करू नये. दोनशे ही संख्या मिळवायला वर्ष-दोन वर्षे लागतील, तोवर खिशाला खार लागेल. तरीही दिवाळीत एकदाच चाळीस कथांचा मोफत अंक काढून कुणालाच काही न देण्यापेक्षा महिन्याला दोन कथा, नीट संपादित केलेल्या आणि मानधन दिलेल्या, हे आम्हाला कितीतरी जास्त पटते. छपाई, कागद आणि टपाल वाचले म्हणून आपण ऑनलाइन आलो. ते वाचलेले पैसे लेखकाकडे जायला हवेत.

करार एका पानाचा आणि मराठीत असावा. पहिल्या प्रसिद्धीचा हक्क, सहा महिने किंवा वर्षभर इतरत्र न छापण्याचे बंधन, संकेतस्थळावर कथा ठेवण्याची परवानगी. पुस्तकाचे, अनुवादाचे, ध्वनिरूपाचे आणि चित्रपटाचे हक्क लेखकाकडेच. कथा आपण स्वतः लिहिली आहे, यंत्राकडून लिहून घेतलेली नाही, असे लेखकाचे निवेदनही त्यातच घ्यावे. आणि लेखकाचा मजकूर यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी त्याला विचारल्याशिवाय कुणाला विकणार नाही, असे आपणही लिहून द्यावे. तोंडी विश्वासावर चालणाऱ्या व्यवहारात नंतर सगळ्यात जास्त सोसतो तो नवखा लेखक.

जतनाबद्दल थोडक्यात. युनिकोड येण्यापूर्वी ज्या त्या फॉन्टमध्ये चढवलेले मराठी अंक आज उघडले तर निरर्थक अक्षरे दिसतात. अजूनही कित्येक अंक श्रीलिपीत जुळवून पीडीएफ करून टाकले जातात, त्यातला एक शब्दही शोधून सापडत नाही. कथा युनिकोडमध्ये, साध्या पानावर, कायमच्या पत्त्यावर असावी आणि तिची प्रत संपादकाच्या संगणकाबाहेरही कुठेतरी असावी.

अशी जपलेली कथा आपल्या भाषेबाहेरही जाऊ शकते. हाओ चिंगफांग यांची ‘फोल्डिंग बीजिंग’ ही चिनी कथा केन ल्यू यांच्या अनुवादात २०१५ च्या सुरुवातीला ‘अनकॅनी’ या ऑनलाइन मासिकाच्या दुसऱ्याच अंकात आली आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो मिळाला. ‘अनकॅनी’ तेव्हा वाचकांच्या लोकवर्गणीतून नुकतेच उभे राहिले होते. ‘स्ट्रेंज होरायझन्स’च्या ‘सामोवार’ या अनुवादाच्या अंकात तर मूळ भाषेतली कथा इंग्रजीच्या सोबत छापतात, म्हणजे देवनागरीतली कथाही तिथे देवनागरीतच येऊ शकते. त्यासाठी मराठीतून इंग्रजीत आणणारे चांगले अनुवादक हवेत, अनुवादाचे हक्क कुणाकडे आहेत हे स्पष्ट हवे, आणि आधी ती कथा मराठीत एखाद्या संपादकाच्या हाताखालून गेलेली हवी. खैरात म्हणून नव्हे, तर कथा म्हणून तिने उभे राहायचे असेल तर शेवटची अट सर्वांत कठीण आहे.

वर्षभर कथा वाचणे ज्यांना शक्य नाही त्यांनी वर्षातून दोनदा, पंधरा-पंधरा दिवसच कथा घ्याव्यात. ‘अनकॅनी’सारखी मासिकेही थोड्या दिवसांपुरतीच कथा मागवतात. फक्त तारखा आधी जाहीर कराव्यात. तारखा, शब्दमर्यादा, मानधनाचा दर आणि उत्तर देण्याची मुदत, एवढे चार तपशील असलेले निवेदन जे संपादक आमच्याकडे पाठवतील ते आम्ही पुढच्या अंकापासून विनामूल्य छापू. ज्या निवेदनात मानधनाची जागा रिकामी असेल, त्यांना आधी फोन करू.