पाटी दुकानाची, पाटी डोक्यावरची



आपल्या भाषेत 'पाटी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर ते दोन्ही समोरासमोर भेटतात. एक पाटी दुकानाच्या नावाची. दुसरी भाजीची, मासळीची, बाईच्या डोक्यावरची. वाणगाव घ्या, बोईसर घ्या, डहाणू रोड घ्या, चित्र तेच. पहिली पाटी लोखंडी स्टँडवर चढून रस्त्याच्या कडेला दिवसरात्र उभी असते. दुसरी सकाळी येते, चार-पाच तास बसते आणि माल संपला की निघून जाते. पण रस्ता मोकळा करायची वेळ आली की आधी कोणती उचलली जाते? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय या अंकात घेतला आहे.

फलकांचा प्रश्न म्हटला की आपल्याला मोठे अपघात आठवतात. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ माणसे गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत लग्नाचा बॅनर अंगावर पडून स्कूटरवरची २३ वर्षांची अभियंता मुलगी टँकरखाली आली. अशा घटनांनंतर चार दिवस चर्चा होते. जी पाटी कुणाचा जीव घेत नाही, फक्त रोज माणसाला दोन पावले रस्त्यात ढकलते, तिची मात्र बातमी होत नाही.

ढकलले कोण जाते, हे पाहायला हवे. घरात एक मोटरसायकल असेल तर ती बहुधा पुरुषाकडे असते. बाई चालते. कडेवर मूल, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शाळेत जाणारी मुलगी, कधी डोक्यावर भारा. गरोदर बाई चालते, गुडघे दुखणारी आजी चालते. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली. कामासाठी पहाटे निघणाऱ्या आणि अंधार पडल्यावर परतणाऱ्या बायका स्टेशनवरून घरी जातात त्याही याच कडेने. अंध व्यक्तीच्या काठीला स्टँडचा पाय लागतो तोवर वरची पत्र्याची कड कपाळाला लागलेली असते. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला तर कडेने जाताच येत नाही. आपण 'रात्र आमचीही आहे' असे म्हणतो. मग दिवसाढवळ्या रस्त्याची कड आपली आहे का, हेही विचारायला हवे.

गंमत पाहा. पाटीवरची अक्षरे मराठीत हवीत म्हणून २०२२ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. मराठी पाट्या हव्यातच. पण पाटीच्या भाषेवर एवढा वाद घालणाऱ्या पक्षांपैकी किती जणांनी ती पाटी कुठे उभी आहे हे पाहिले? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स त्याच कडेला लागतात, हेही त्यामागचे एक कारण असेल.

कायदा नाही असे मुळीच नाही. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे सार्वजनिक वाटेवर अडथळा करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बेकायदा फलक काढण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ च्या निकालात महापालिका आणि नगरपालिकांना दिले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग मानला. मापही ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा मोकळी हवी. बाजारपेठेत रुंदी याहून जास्त हवी.

प्रश्न आहे अंमलबजावणीचा. अतिक्रमण हटाव मोहीम आली की गाडी आधी वळते ती जमिनीवर बसलेल्या बाईकडे. तिची टोपली उचलायला दोन मिनिटे लागतात आणि तिच्यासाठी कुणाचा फोन येत नाही. रानभाजी विकणारी वारली बाई, सुकी मासळी घेऊन आलेली मांगेला बाई, मोगऱ्याचे गजरे विकणारी मुलगी यांचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. दुकानाचा स्टँड थोडा वेळ आत जातो आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर येतो. 'रस्ता मोकळा करा' ही आपली मागणी अशी बायकांवरच उलटणार असेल, तर ती मांडतानाच सावध राहिले पाहिजे.

२०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. डहाणू नगरपरिषद आणि तलासरी नगरपंचायत यांना हा कायदा लागू आहे. तिथल्या गटांनी समितीत आपल्या किती बायका आहेत हे विचारावे. वाणगावला ग्रामपंचायत असल्याने तो तिथे थेट लागू होत नाही. पण डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार गावाच्याच हाती दिला आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेणेही बंधनकारक आहे. म्हणजे हा ठराव आपल्याला मांडता येतो.

ठरावात काय असावे? चालण्याची पट्टी आधी चुन्याने आखावी. त्या पट्टीत दुकानाचा स्टँड, पक्षाचा फ्लेक्स, उभी मोटरसायकल, काहीही नको. पाटी भिंतीला लागून असावी. बाहेर येणारी पाटी २.२ मीटरच्या वर असावी. कारवाईचा क्रम लिहून घ्यावा : आधी फलक आणि वाहने. विक्रेत्या बायकांना पट्टीच्या मागे ठरलेली जागा मिळाल्याशिवाय त्यांना हलवू नये. जागा मिळाल्यावर मात्र टोपली रेषेच्या आत ठेवणे हे त्यांनाही लागू राहील. नियम एकाला आणि सूट दुसऱ्याला, असे आपण करायचे नाही.

आपल्याच काही मैत्रिणी विचारतील, आमच्या पाटीचे काय? गल्लीच्या आत शिवणक्लास चालवणारी, माडीवर पार्लर असणारी, पापड-मसाल्याचा बचतगट चालवणारी बाई रस्त्यावर बोर्ड ठेवते, कारण त्याशिवाय तिच्याकडे कुणी येत नाही. तिची अडचण खरी आहे. गल्लीच्या तोंडाशी पंचायतीने भिंतीवर एक सामाईक फलक लावावा आणि त्यावर अशा उद्योगांना नाममात्र शुल्कात जागा द्यावी. एका स्टँडच्या खर्चात दहा जणींची नावे मावतील.

सुरुवात मोजण्यापासून करा. टेप नसली तरी चालेल. साडेपाच मीटरची साडी तीन सारख्या भागांत दुमडा, एक भाग जवळपास १.८ मीटर भरतो. चार जणी मिळून स्टेशनपासून बाजारापर्यंत चाला, कुठे किती जागा उरली आहे ते वहीत लिहा, त्या यादीसह लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा फक्त झेंडावंदनानंतरच्या सह्यांसाठी नसतात.

तुमच्या गावात काय मोजले, ठराव झाला का, विरोध कोणी केला, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळासाठी