बर्फातली शिकार आणि बंदुकीचा कायदा

बंदूक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पोलीस, दरोडेखोर, नाहीतर सिनेमातला खलनायक. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात मात्र बंदूक म्हणजे घरातलं जेवण.

या प्रदेशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त आणि लोकसंख्या जेमतेम ४० हजारांच्या घरात. बहुतेक लोक इन्युइट आहेत. गावं पंचवीस, पण एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही. शेती होत नाही. किराणा विमानाने येतो, उन्हाळ्यात बर्फ वितळला की जहाजाने. त्यामुळे तो भयंकर महाग पडतो. म्हणून सील आणि कॅरिबू (म्हणजे तिकडचं रेनडिअर) यांची शिकार करायची आणि मांस नातेवाईक-शेजाऱ्यांत वाटून खायचं. आपल्याकडे जसा नांगर, तशी तिथे रायफल.

१९८९ मध्ये मॉन्ट्रिअल शहरात एका माथेफिरूने इंजिनिअरिंग कॉलेजात घुसून १४ स्त्रियांना ठार मारलं. देश हादरला. १९९५ मध्ये कायदा झाला : बंदूक बाळगणाऱ्याला परवाना हवा आणि प्रत्येक बंदुकीची नोंदणी हवी. लोकांचा संताप रास्तच होता. पण हा कायदा शहर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता. इनुक्टिटुट बोलणाऱ्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने इंग्रजी फॉर्म कसा भरायचा? काकाची रायफल आज पुतण्या नेतो, उद्या मेव्हणा. मग ती नोंदवायची कुणाच्या नावावर? शिवाय पोटापुरत्या शिकारीला परवाना किंवा फी लागणार नाही, असा करार सरकारने १९९३ मध्येच इन्युइटांशी केला होता! प्रकरण कोर्टात गेलं.

मला विचाराल तर कायदा नकोच, असं मी म्हणणार नाही. बंदूक कुलपात हवी; लहान मुलं त्या घरांतही असतात. पण नियम करताना आधी त्या माणसाला विचारायला काय हरकत आहे? १९९८ मध्ये आदिवासी समाजांसाठी वेगळे नियम आले. दुभाष्यामार्फत तोंडी माहिती देता येईल, समाजातल्या जाणत्या माणसाची शिफारस धरली जाईल. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडेही कोकणात पीक राखायला बंदुकीचा परवाना असलेले शेतकरी आहेत. निवडणूक लागली की त्यांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. आता रानडुक्कर काही आचारसंहिता पाळत नाही!

कॅनडात लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी २०१२ मध्ये रद्द झाली. पण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने बंदीची व्याख्या रुंदावणारी दुरुस्ती अचानक मांडली आणि शिकारीच्या काही रायफलीही तिच्यात सापडल्या. आदिवासी नेत्यांनी जोरदार विरोध केला : आम्हाला न विचारताच? फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली, आणि मग चर्चेला बसलं.