बाटलीतली प्रतिकारशक्ती

मानमोडीवरची लासोटा लस पाण्यातून पाजली की दुसऱ्या दिवशी त्याच टाकीत अमिनो आम्लांचे टॉनिक सोडायचे, असा अनेक ब्रॉयलर शेडमधला रिवाज आहे. विकणाऱ्याचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. प्रतिपिंडे प्रथिनांची, प्रथिने अमिनो आम्लांची. म्हणजे अमिनो आम्ले वाढवली की प्रतिपिंडे वाढणार.

पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे त्यांतून निघत नाही.

मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात आधी मेथिओनिन कमी पडते, मग लायसिन, मग थ्रिओनिन. म्हणून कारखान्याच्या खाद्यात ती वरून मिसळलेलीच असतात. पहिल्या तीन आठवड्यांसाठी मेथिओनिन ०.५० टक्के आणि लायसिन १.१० टक्के ही अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली दिलेली गरज. एवढे खाद्यातूनच मिळत असेल, तर बाटली भर घालते ती कशात? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले कर्क क्लासिंग यांनी दाखवून दिले आहे की पक्ष्याच्या वाढीला लागणाऱ्या पोषकांपुढे प्रतिपिंडे बनवण्याचा खर्च किरकोळ असतो. खरा फटका बसतो तो दाह सुरू झाल्यावर यकृत जी प्रथिने बनवू लागते त्यांचा, आणि मंदावलेल्या भुकेचा.

टॉनिकवाल्यांच्या बाजूने एक पुरावा मात्र वजनदार आहे. विस्कॉन्सिनमधल्या १९८७ च्या प्रयोगात पिलांच्या प्रतिपिंडांसाठी लागणारे मेथिओनिन वाढीपुरत्या मेथिओनिनपेक्षा जास्त निघाले. पण तिथले मूळ खाद्य मेथिओनिनमध्ये तुटीचे होते, आणि पिलांना टोचल्या होत्या मेंढीच्या तांबड्या पेशी, लस नव्हे. तूट भरून काढल्याचा फायदा आणि भरल्या पोटावर आणखी वाढल्याचा फायदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय जास्तीचे नुसते वाया जाते असेही नाही. मेथिओनिन प्रमाणाबाहेर गेले की भूक आणि वजन दोन्ही घटतात. लायसिन वाढले की मूत्रपिंडातले आर्जिनेज हे विकर वाढते आणि आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल मोडू लागते. कोंबडीला आर्जिनिन शरीरात बनवता येत नाही, कारण तिचे युरियाचक्र अपुरे असते. त्याच आर्जिनिनपासून भक्षकपेशी जंतू मारणारे नायट्रिक ऑक्साइड तयार करतात! प्रतिकारशक्तीच्या नावाने तिच्याच हत्याराला धक्का लावण्याचा हा प्रकार.

मग खाद्य फक्त वजनासाठी आणि रोगाचे काय ते लस बघेल, असे म्हणणारेही चुकतात. आर्जिनिनच्या तुटीने पिलांची थायमस ग्रंथी आणि प्लीहा खुरटतात, हे कॉर्नेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले. आतड्याच्या श्लेष्म्याला थ्रिओनिन लागते, आणि तो थर पातळ झाला की जंतूंना वाट मोकळी. ही तूट काल्पनिक नाही. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी कडाडली की ऑगस्टमध्ये केंद्राला १२ लाख टन जनुकबदल केलेल्या पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. अशा दिवसांत घरी खाद्य मिसळणाऱ्याने पेंड कापली आणि मेथिओनिन-लायसिन वाढवले नाही, तर लस चांगली असूनही टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी, तोकडा राहू शकतो. परसातल्या, दाण्यावर पोसलेल्या कोंबडीचेही तेच. तिला किडामुंगी मिळणे म्हणजे मेथिओनिन मिळणे.

तेव्हा अमिनो आम्लांची जागा खाद्याच्या सूत्रात, रोजच्या दाण्यात आहे. लसीनंतरच्या दोन दिवसांत नाही. लस फसते त्याची कारणे बहुधा इतरत्रच असतात. शीतपेटी २ ते ८ अंशांत राहिली नाही, पाण्यातल्या क्लोरीनने विषाणू मेला, आईकडून आलेली प्रतिपिंडे उतरण्याआधीच लस दिली, किंवा पावसाळ्यातल्या ओल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष होते. क्लोरीनवर दूध पावडरीचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. लसीनंतर दोन-तीन आठवड्यांनी थोड्या पक्ष्यांचे रक्त टायटर मोजणाऱ्या एचआय तपासणीला पाठवावे. टायटर खाली आलाच, तर आधी शीतपेटी आणि टाकी बघावी, मग मक्याची बुरशी, आणि मग खाद्याचे पृथक्करण करून घ्यावे.