आधी सदरा पाहा

शाळा सुटल्यावर एके दिवशी एका विद्यार्थिनीची अम्मी आमच्यापुढे येऊन बसली. बराच वेळ ओढणीचे टोक चुरगाळून झाल्यावर म्हणाली, "पोरगी घरातल्याच एका माणसाबद्दल वाईट सांगतेय. पण ते पाच वक्तचे नमाजी, मोहल्ला त्यांना मानतो. आणि ही तर खोटंही बोलते. कुणाचं खरं धरायचं?"

"खोटं कशाबद्दल बोलते?" आम्ही विचारले.

"गृहपाठाबद्दल."

प्रश्न प्रामाणिक होता. तराजू मात्र चुकीचा होता. ती माऊली दोन माणसांची इज्जत तोलत होती, घडलेली गोष्ट नव्हे.

अशा वेळी आपल्याकडे सूरह यूसुफचा दाखला हटकून दिला जातो, की बघा, बायका आळ घेतात! तो प्रसंग नीट वाचावा. अझीझची पत्नी आरोप करते, हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) नाकारतात. तिच्याच घरचा एक साक्षीदार सांगतो की सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर ते खरे. तिचे म्हणणे खरे असू शकते, ही शक्यता त्याने आधी मांडली. एक घरची मालकीण, दुसरा विकत आणलेला तरुण. पण दर्जा पाहून कौल दिला गेला नाही. सदरा पाहिला गेला.

आपल्याच महाराष्ट्रात एकदा सदऱ्याऐवजी माणूस पाहिला गेला. 1972 साली, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या गरीब आदिवासी मुलीने दोन पोलिसांवर आरोप केला. सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून त्यांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, असा अर्थ लावला गेला. पोलीस ठाण्यात, वर्दीपुढे ती किती ओरडू शकली असती, याचा विचार झाला नाही. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पुढे 2002 च्या दुरुस्तीने तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी ठरवण्याची तरतूदही काढून टाकली गेली. 1996 च्या गुरमीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पीडितेची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तिला दुजोरा हवाच असे नाही, आणि तक्रारीला झालेला उशीर हा खोटेपणाचा पुरावा नव्हे.

मग घरात काय पाहावे? सांगण्याचा गाभा कायम आहे का? तिने आधी कुणाला सांगितले? त्या दिवसापासून तिचे वागणे, जेवण, झोप बदलली का? तारीख चुकणे, मध्येच गप्प होणे, रडू न येणे, यावरून ती खोटी ठरत नाही. नमाज आणि दाढी ही सफाईची साक्ष नाही. तशी कुणाची बदनामी हा गुन्ह्याचा पुरावाही नाही. आरोपीलाही आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे, आणि त्याची जागा न्यायालय आहे, घरातली बैठक नव्हे. मुलीला त्याच्यासमोर उभे करून "आता सांग" म्हणणे हा न्याय नाही, जुलूम आहे. तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. तिचे शब्द तिच्याच भाषेत, तारखेसह लिहून ठेवावेत.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आम्हा शिक्षकांनाही. 1098 या क्रमांकावरही मदत मागता येते. आम्ही त्या अम्मीला हे सांगितले. ती घाबरली, "घर मोडेल" म्हणाली. तरीही कळवावे लागले. साध्या कपड्यांतल्या महिला अधिकारी घरी आल्या आणि अम्मीच्या शेजारी बसून मुलीने सगळे सांगितले.

खटला चालू आहे. निकाल न्यायाधीश देतील. तो देणारे आम्ही कोण? पण त्या दिवशी अम्मीने "तू गृहपाठाचं खोटं बोलतेस" म्हणून मुलीला गप्प केले असते, तर सदरा कुणी पाहिलाच नसता.