कोटेशनसाठी स्वतःचा छोटा एडिटर: बनवा, पण तीन बटणांवर थांबा

मागच्या व्हिडिओत मी आमच्या दुकानाचं ठिबकचं कोटेशन ज्युपिटर नोटबुकमध्ये कसं काढते ते दाखवलं होतं. त्यात स्क्रीनवर एक पांढरी चौकट आणि खाली तीन बटणं दिसत होती. बऱ्याच जणांनी विचारलं, "मॅडम, हे सॉफ्टवेअर कुठून घेतलं? कितीला पडलं?" घेतलं नाही. नोटबुकच्या आतच बनवलंय, साधारण साठ ओळींत. व्हिडिओत सांगायला वेळ पुरला नाही म्हणून इथं लिहिते. आणि माझं मतही सांगते, कारण याच साठ ओळींनी मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय.

ज्यांनी नोटबुक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्राउझरमध्ये उघडणारी वही समजा. एका कप्प्यात तुमची टीप, पुढच्या कप्प्यात पायथनचा कोड, त्याच्या खाली लगेच उत्तर. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली आयपायथन सुरू केलं, २०११ मध्ये त्यात ही ब्राउझरची वही आली आणि २०१४ पासून ज्युपिटर हे नाव. ज्युलिया, पायथन, आर या तीन भाषांवरून ते पडलं. फुकट आहे. दुकानाच्या जुन्या लॅपटॉपवरही माझं चालतंय.

आता हिशोब बघा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. उसाला पाच फुटी सरी धरली तर लॅटरल लागते ८,७१२ फूट, म्हणजे सुमारे २,६५५ मीटर. मीटरमागं फक्त ५० पैसे चुकले तर एकराला १,३२७ रुपये गेले. चार एकरांचं कोटेशन जुन्या दरानं दिलं की पाच हजार तीनशे रुपये खिशातून. बोरगावच्या शेतकऱ्याला सकाळी एक आकडा सांगून संध्याकाळी दुसरा सांगता येत नाही हो. इस्लामपूरच्या बाजारात अशी गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असते.

म्हणून दर एका फाईलमध्ये आणि हिशोबाचे नियम दुसऱ्या. लॅटरल, सबमेन, एल्बो, टी, टेकऑफ, एंडकॅप यांचे दर पहिल्या फाईलमध्ये. कशाला किती लागतं ते पायथनच्या छोट्या फाईलमध्ये. दर बदलले की काउंटरवरच्या पोरानं पहिली फाईल बदलायची, सरीचं अंतर किंवा वाया जाणाऱ्या मालाचा हिशोब बदलला की मी दुसरी. तो नोटपॅडमध्ये उघडायचा आणि दर वेळी काहीतरी व्हायचं. एकदा फाईल दुसऱ्या नावानं सेव्ह झाली, नोटबुक आपलं जुनीच वाचत बसलं. एकदा तर तो थेट कोडच्या कप्प्यात शिरला आणि एक स्वल्पविराम खाऊन आला.

तुमच्यातला जाणकार म्हणेल की ज्युपिटरलॅबमध्ये एडिटर आहेच की. डावीकडं फाईलवर डबल क्लिक केलं की उघडतो. बरोबर आहे. पण तो सगळ्या फाईली उघडतो. मला दोनच फाईली उघडणारा हवा होता. दुकानाच्या गल्ल्याला एकच चावी असते, तसं.

बनवायला 'आयपायविजेट्स' ही लायब्ररी पुरते. फाईल निवडायला ड्रॉपडाउन, लिहायला मजकुराची चौकट, तीन बटणं (उघड, तपास, जतन) आणि निरोप दाखवायला एक आउटपुट चौकट. बास. पण पहिल्या वेळी मी बास केलं नाही. रंगीत कोड पाहिजे, ओळींचे आकडे पाहिजेत, शोधा-बदला पाहिजे, रात्रीसाठी काळी स्क्रीन पाहिजे. दुकान बंद झाल्यावर दोन आठवडे त्यातच गेले. साध्या मजकुराच्या चौकटीत कोड रंगवता येत नाही, त्याला कोडमिररसारखा तयार भाग आणून बसवावा लागतो. मरैन हावरबेके यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं ते काम आज ज्युपिटरच्या स्वतःच्या कप्प्यांमागंही आहे. जे काम एक हुशार माणूस वर्षानुवर्षं करतोय ते मी रात्री साडेनऊनंतर करायला निघाले होते! आणि ते कुणासाठी? मला पोराला लॅटरलचा दर बदलता यायला हवा होता, रंग कुणी मागितला होता?

या सगळ्या नादात 'जतन'कडं माझं लक्षच नव्हतं. तिथंच घात झाला.

दरांची फाईल तोवर इंग्रजी अक्षरांत होती. त्या दिवशी मीच एका जॉइनरचं नाव मराठीत टाईप केलं, कारण शेतकरी तेच नाव घेतात. जतन दाबलं. काही निरोप नाही, चूक नाही. मला वाटलं झालं. दुपारी कोटेशन काढायला गेले तर फाईल रिकामी, शून्य बाइट. दोनशेच्या वर वस्तूंचे दर गेलेले, आणि समोर आष्ट्याचे एक गिऱ्हाईक ट्रॅक्टर बाहेर उभा करून बसलेले. त्यांना चहा पाजला आणि जुन्या बिलांवरून हातानं हिशोब केला. दोन वस्तूंचे दर जुने लागले, ते माझ्या अंगावर.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमचंही होणार आहे. पायथनमध्ये फाईल लिहिण्यासाठी उघडली की त्याच क्षणी आतलं सगळं पुसलं जातं. नवं नंतर लिहिलं जातं. आमच्या विंडोजवर एन्कोडिंग सांगितलं नसल्यामुळं पायथननं जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग धरलं. त्यात देवनागरी बसतच नाही, म्हणून लिहिताना ते अडकलं. म्हणजे पुसून झालं आणि लिहायचं राहिलं. चूक दिसली का नाही? तर बटणामागच्या कोडमध्ये झालेली चूक ज्युपिटरलॅब पानावर दाखवत नाही, ती लॉगमध्ये जाते. तो लॉग मी कधी उघडलाच नव्हता. चूक सगळी माझी.

आता जतन असं चालतं. आधी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगितलेलं, वाचताना आणि लिहितानाही. आधीच्या फाईलची तारीख घातलेली प्रत बाजूला जाते. नवा मजकूर तात्पुरत्या फाईलमध्ये लिहिला जातो, आणि तो पूर्ण लिहून झाला तरच एका झटक्यात जुन्याच्या जागी येतो. मध्येच लाईट गेली तरी जुनी फाईल शाबूत. प्रत्येक चूक लाल अक्षरांत आउटपुट चौकटीत. 'तपास' बटण नियमांची फाईल न चालवता फक्त तिचं व्याकरण बघतं, आणि दरांच्या फाईलमध्ये प्रत्येक दर हा आकडाच आहे ना ते बघतं. पण १५.५ च्या जागी १५५ पडलं तर तोही आकडाच. म्हणून जतन करण्याआधी जुना दर आणि नवा दर शेजारी शेजारी दाखवायचे. पोरगा ते मोठ्यानं वाचतो. हा भाग कोडनं होत नाही.

आणखी एक खड्डा आहे, तो नोटबुकचा स्वतःचा. तुम्ही नियमांची फाईल बदलली, जतन केली, चौकटीत नवं दिसतंय. तरी हिशोब जुन्याच नियमानं येतो! कारण पायथननं ती फाईल एकदा आत घेतली की पुन्हा आपणहून वाचत नाही. म्हणून माझं जतन बटण शेवटी नियम पुन्हा लोड करतं, आणि प्रत्येक कोटेशनच्या खाली दरांच्या फाईलची वेळ छापून येते. गिऱ्हाइकाला त्याचं काही नसतं. मला मात्र नजर टाकली की कळतं हा आजचा कागद आहे की कालचा.

आता मत. क्लासमधल्या दोघांनी विचारलं, हेच ॲप करून तालुक्यातल्या दुकानांना विकायचं का? मी नको म्हणते. एडिटर म्हणून तुमची गाठ व्हीएस कोडशी आहे, जो फुकट मिळतो. शिवाय दुसऱ्याच्या दुकानात फाईल रिकामी झाली तर तो तुम्हालाच फोन करणार, आणि तुम्ही त्या वेळी तुमच्या काउंटरवर असणार. विकायचंच असेल तर कोटेशन विका: दर महिन्याला अद्ययावत दर भरून देणं, एकराचा आराखडा काढून देणं. त्याला लोक पैसे देतात, मी घेते.

आणि तुमच्या वस्तू तीसच असतील, हिशोब नुसत्या बेरजेचा असेल, तर यातलं काही करू नका. एक्सेल पुरतंय. मी स्वतः सहा वर्षं त्यावरच काढली. कुणीतरी फॉर्म्युल्यावर आकडा टाईप केला आणि ते तीन महिने कळलंच नाही, तेव्हा सोडलं.

पायथन अजिबात येत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलपासून सुरू करा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, फुकट, आणि बरेचसे मराठी आवाजातही मिळतात. फाईल वाचणं आणि लिहिणं आलं की माझ्या नोटबुककडं या. त्याची लिंक व्हिडिओखाली ठेवली आहे. आतले दर मी बदललेत, ते तुमच्या कोटेशनला लावू नका!