कलावंतांचे वार्धक्य कोणाच्या मर्जीवर?

नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळ सरकारने एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या उपचारांचा खर्च उचलण्याचे ठरवले आणि एरवी कलावंतांच्या बाबतीत हळवे असणारे ते राज्य दोन तटांत विभागले गेले. त्या अभिनेत्री म्हणजे केपीएसी ललिता. यकृताच्या गंभीर विकाराने त्या रुग्णालयात होत्या. साडेपाचशेहून अधिक चित्रपटांत काम केलेल्या व्यक्तीला सरकारी तिजोरीतून मदत कशासाठी, असा सवाल विचारला गेला. ललिता सत्ताधारी आघाडीच्या निकटच्या, शिवाय राज्याच्या संगीत नाटक अकादमीच्या अध्यक्ष, म्हणूनच हे औदार्य, असे म्हणणारेही कमी नव्हते. पडद्यावर दिसणारा प्रत्येक जण धनवान नसतो आणि कलावंताला आजारपणात वाऱ्यावर सोडता येत नाही, अशी सरकारची बाजू होती. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ललिता यांचे निधन झाले, शासकीय इतमामात त्यांना निरोप देण्यात आला आणि वादही तेथेच मिटला, असे सर्वांनी गृहीत धरले.

वस्तुतः तो वाद खरा सुरू व्हायचाच होता. ललिता मदतीस पात्र आहेत की नाहीत, एवढ्याच मुद्द्यावर दोन्ही बाजू भांडत होत्या. अर्धशतकाहून अधिक काळ एकाच व्यवसायात राबलेल्या स्त्रीची पात्रता आजारपणात मंत्रिमंडळाने ठरवावी लागते, ही स्थिती मुळात आलीच कशी, हा प्रश्न मात्र कोणी उपस्थित केला नाही. त्याचे उत्तर त्यांच्याच कारकिर्दीत सापडते.

ललिता यांचे मूळ नाव महेश्वरी. वडील छायाचित्रकार. मुलगी नृत्य शिकली आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून रंगमंचावर उभी राहू लागली. पुढे ती ज्या नाट्यसंस्थेत दाखल झाली, ती साधीसुधी नाटक कंपनी नव्हती. केरळ पीपल्स आर्ट्स क्लब अर्थात केपीएसी ही डाव्या चळवळीची सांस्कृतिक आघाडी होती. तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्कि’ (तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत) हे नाटक या संस्थेने १९५२ मध्ये रंगभूमीवर आणले. १९५७ मध्ये केरळात कम्युनिस्ट सरकार निवडून आले, त्यामागे जमीनधारणेचा प्रश्न आणि पक्षाचे संघटन ही कारणे होतीच. पण कुळांच्या आणि शेतमजुरांच्या वस्तीपर्यंत तो विचार गाण्यांतून व संवादांतून पोहोचवण्याचे काम या नाटकाने केले, हे त्या राज्याचे इतिहासकारही मान्य करतात. अशा संस्थेने मुलीला ललिता हे नाव दिले. चित्रपटात त्याच नावाची आणखी एक अभिनेत्री असल्याने पुढे ‘केपीएसी’ ही अक्षरे नावामागे लागली. सुलोचना, अझीझ, सनी अशा अनेकांनी ही अक्षरे आडनावासारखी आयुष्यभर वागवली. जात वा घराणे सांगणाऱ्या आडनावाच्या जागी नाटक मंडळीचे नाव येणे, ही त्या काळाच्या केरळची खास गोष्ट म्हणावी लागेल.

के. एस. सेतुमाधवन यांच्या ‘कूट्टुकुडुंबम्’ या चित्रपटातून १९६९ मध्ये ललिता पडद्यावर आल्या. त्याची कथाही तोप्पिल भासींच्या नाटकाचीच. त्यानंतरची पाच दशके त्यांनी नायिकेची जागा क्वचितच घेतली. आई, सासू, आत्या, मोलकरीण, फाटक्या तोंडाची शेजारीण, कर्जबाजारी नवऱ्याला हिशेब विचारणारी बायको, अशा भूमिकांतून त्यांनी मल्याळी घराचा माजघर आणि परसू उभा केला. इनोसंट यांच्यासोबत त्यांची विनोदी जोडी जमली. त्यातला विनोद शाब्दिक कोट्यांचा नव्हता; घरात पैसे नसताना माणसे एकमेकांशी कशी बोलतात, याच्या नेमक्या निरीक्षणातून तो येत असे. अडूर गोपालकृष्णन यांच्यासारख्या काटेकोर दिग्दर्शकालाही त्या हव्या असत आणि बाजारपेठेच्या चित्रपटांनाही. अडूर यांच्या ‘मतिलुकळ’मध्ये तर त्या दिसतच नाहीत. वैक्कम मुहम्मद बशीर यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात तुरुंगाच्या भिंतीपलीकडील स्त्री-कैदी नारायणी केवळ आवाजातून भेटते आणि तो आवाज ललितांचा आहे. चेहऱ्याविना केलेली ती भूमिका मल्याळी प्रेक्षक आजही त्यांच्या सर्वोत्तम कामांत धरतात. ‘अमरम्’ आणि ‘शान्तम्’ या चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांपैकी ‘अमरम्’चे दिग्दर्शन त्यांचे पती भरतन यांचे होते.

पुरस्काराच्या नावातच ‘सहायक’ हा शब्द आहे आणि अर्थकारणाचे मर्म तिथेच आहे. चित्रपटाच्या नफ्यात नायकाचा वाटा वाढत गेला, तसा भूमिकेपुरते दिवस भरणाऱ्या कलावंताचा मोबदला आक्रसत गेला. लेखी करार बहुधा नाही, मोबदला दिवसांच्या हिशेबाने, तोही काम संपल्यावर अडून राहण्याची शक्यता असलेला. तेच चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे दाखवले जातात, त्यांतील प्रसंगांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, त्यावर जाहिरातींचा महसूल मिळतो. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार, संगीतकार व गायक यांच्या स्वामित्वधनाचा मार्ग काहीसा मोकळा केला. सहायक भूमिका करणाऱ्यांच्या हाती व्यवहारात त्यातून फारसे काही लागले नाही. अशा परिस्थितीत कलावंत स्त्रीचे आयुष्य दोनदा थांबते आणि दोन्ही वेळा तिला पुन्हा शून्यातून काम मिळवावे लागते. १९७८ मध्ये भरतन यांच्याशी विवाह झाल्यानंतर ललिता काही काळ दूर राहिल्या आणि परतल्या. १९९८ मध्ये भरतन यांचे निधन झाले; त्यानंतर त्या पुन्हा थांबल्या आणि काही महिन्यांनी ‘वींडुम चिल वीट्टुकार्यङ्ङळ’मधून पुन्हा परतल्या. या परतण्याचे कौतुक सर्वत्र होते. न परतण्याचा पर्याय अशा स्त्रीला किती परवडला असता, हे कोणी विचारत नाही.

कायद्याचे छत्र नसले की त्याची जागा आश्रयदात्यांकडे जाते. केरळात असे तीन आश्रयदाते दिसतात : पक्ष, कलावंतांची संघटना आणि सरकार. ललितांच्या उत्तरायुष्यात तिघांचीही सावली आहे. २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने भरतन यांच्या गावचा मतदारसंघ असलेल्या वडक्कांचेरीतून त्यांचे नाव पुढे केले. स्थानिक कार्यकर्त्यांनी विरोधाचे फलक लावले आणि त्यांनी माघार घेतली. (पक्षाने ती जागा अवघ्या ४३ मतांनी गमावली, हा त्यातला उपरोध.) त्याच वर्षी डावी आघाडी सत्तेवर आली आणि अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

संघटनेचे प्रकरण अधिक अवघड आहे. ‘अम्मा’ ही मल्याळी चित्रपट कलावंतांची संघटना आपल्या वृद्ध सदस्यांना दरमहा जी मदत देते, तिचे नाव ‘कैनीट्टम्’. विषूच्या सणाला घरातील वडीलधारे लहानांच्या हातावर जे पैसे ठेवतात, त्याला मल्याळीत हाच शब्द आहे. मदत आपुलकीने दिली जाते, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण वडीलधाऱ्यांच्या हातून पैसे घेणाऱ्याने त्यांच्याशी भांडायचे कसे? २०१७ मध्ये एका अभिनेत्रीचे अपहरण आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्यानंतर त्या प्रकरणात तेव्हा आरोपी असलेल्या अभिनेत्याला संघटनेत परत घेण्यावरून २०१८ मध्ये काही अभिनेत्री बाहेर पडल्या. ऑक्टोबरमध्ये संघटनेची बाजू मांडण्यासाठी झालेल्या पत्रकार परिषदेत ललिता उपस्थित होत्या आणि बाहेर गेलेल्यांनी परत यायचे असेल तर माफी मागावी, अशी भूमिका तिथे घेतली गेली. त्या अभिनेत्रींना हा आघात होता, कारण तरुणपणी एका बड्या विनोदी नटाकडून आपल्याला झालेला जाच आणि तक्रार केल्यावर ती मागे घेण्याचा मिळालेला सल्ला, हे ललितांनीच जाहीरपणे सांगितले होते.

ही विसंगती आहे आणि मृत्यूनंतरच्या आदरांजलीत ती झाकण्याचे कारण नाही. अकादमीच्या अध्यक्षपदी बसलेल्या व्यक्तीने त्या दिवशी चुकीची बाजू घेतली, असेच आमचे मत आहे. तथापि त्या चुकीचा पाया केवळ स्वभावात शोधणे पुरेसे नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या समितीने डिसेंबर २०१९ मध्ये सादर केलेला आणि सरकारने ऑगस्ट २०२४ पर्यंत दडवून ठेवलेला अहवाल वाचला, तर त्यात छळाच्या कहाण्यांइतकीच कामाच्या अनिश्चिततेची कहाणी आहे. काम मूठभर लोकांच्या मर्जीवर मिळते, म्हणून तक्रार होत नाही. वार्धक्यातील औषधपाणीही त्यांच्याच मर्जीवर असेल, तर ज्येष्ठांकडून बंडाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ललितांना निदान ओळख होती. ज्यांना ती मिळायला फार उशीर झाला, त्यांच्यासाठी निलंबूर आयेशा यांच्याकडे पाहावे. त्याही डाव्या नाट्यचळवळीतल्याच. मुस्लिम कुटुंबातील स्त्रीने नाटकात उभे राहावे, हे १९५० च्या दशकातील मलबारात अनेकांना सहन झाले नाही. प्रयोगांवर दगड पडले, रंगमंचावर असताना त्यांच्या दिशेने गोळी झाडली गेली. आयेशा डगमगल्या नाहीत. त्यांना हरवले ते पुढे गरिबीने. चरितार्थासाठी त्या सौदी अरेबियात गेल्या आणि तेथे अनेक वर्षे त्यांनी घरकामगार म्हणून काढली. त्या परतल्या, चित्रपटात पुन्हा दिसू लागल्या, आणि २०२३ मध्ये त्यांच्या परदेशातील दिवसांवर बेतलेला चित्रपटही आला. ज्या चळवळीने सत्ता मिळवली, तिच्या रंगमंचावर जीव धोक्यात घालणाऱ्या स्त्रीला परक्या देशात धुणीभांडी करावी लागली, याचा ठपका कोणा एका मंत्र्यावर ठेवता येत नाही. तिच्यासाठी कोणत्याही कायद्यात रकानाच नव्हता.

चित्रपट कामगारांसाठी संसदेने १९८१ मध्ये कल्याण निधीचा कायदा केला. रंगभूमीसाठी तसा केंद्रीय कायदा झाला नाही. नव्या कामगार संहितांत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ ही संज्ञा आली आहे, पण गावोगाव प्रयोग करणारी नटी तिच्यात सहजी बसत नाही. मग उरते ती केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची ज्येष्ठ कलावंतांसाठीची अर्थसाहाय्य योजना : वय किमान ६०, वार्षिक उत्पन्न ७२ हजारांपेक्षा अधिक नको आणि मदत दरमहा कमाल ६ हजार. म्हणजे महिन्याला ६ हजारांहून थोडे अधिक मिळवणारा वृद्ध कलावंत सरकारच्या लेखी सुस्थितीत आहे. दारिद्र्य सिद्ध केल्यावर मिळणाऱ्या या रकमेला निवृत्तिवेतन म्हणण्याचा प्रघात आहे. निवृत्तिवेतन हे केलेल्या कामाचे लांबणीवर टाकलेले वेतन असते, हा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नाकारा प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांपुरता प्रस्थापित केलेला विचार इथे लागू करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

वाट अगदीच अज्ञात आहे असे नाही. केरळात सांस्कृतिक क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी वर्गणीवर आधारित क्षेमनिधी मंडळ आहे. सदस्य दरमहा वर्गणी भरतो आणि साठीनंतर त्याला निवृत्तिवेतन मिळते. तत्त्व योग्य आहे, मात्र कलावंताला काम देणारा निर्माता त्यात कलावंताइतका बांधला गेलेला नाही. कर्नाटक विधिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केलेला कायदा एक पाऊल पुढे जातो. चित्रपटाचे तिकीट आणि मनोरंजन वाहिन्यांची वर्गणी यांवर कमाल दोन टक्के उपकर लावून चित्रपट व सांस्कृतिक क्षेत्रातील कामगारांसाठी निधी उभारण्याची त्यात तरतूद आहे. चित्रगृह चालकांचा या उपकराला आक्षेप आहे, आणि प्रेक्षक घटत असताना तो निराधारही म्हणता येणार नाही. जुने चित्रपट पुनःपुन्हा दाखवून कमाई करणाऱ्या वाहिन्यांवर भार अधिक आणि तिकिटावर कमी, अशी विभागणी केल्यास त्याची धार कमी होईल. कलावंत एका राज्यात नाटक करतो, दुसऱ्या राज्यात चित्रीकरण करतो आणि तिसऱ्या राज्यातील वाहिनीसाठी आवाज देतो. त्यामुळे वर्गणीचे खाते राज्यासोबत न राहता माणसासोबत फिरेल, याची व्यवस्था केंद्रालाच करावी लागेल. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी त्यासाठी हाताशी आहे. तिच्यात रंगभूमीवरील कामाचे दिवस नोंदवण्याची सोय करणे हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. प्रयोगाचा परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे तारखा आधीच असतात.

वडक्कांचेरीजवळच्या ज्या घरी ललितांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे पोलिसांनी मानवंदना दिली. अशी मानवंदना कोणाला द्यायची हे सरकार ठरवते आणि त्याला कोणाची हरकत नसावी. उपचारांचा खर्च मात्र त्याच यादीतून ठरत आहे.