रानातली रेघ, तांब्यावरची रेघ

मुद्राचित्रकार रानात राहायला गेला तरी त्याचे चित्र रानात पुरे होत नाही. जलरंगात काम करणारा संध्याकाळी कागद वाळत घालून मोकळा होतो. मुद्राचित्रकाराला वहीतली रेघ गावी परत न्यावी लागते, तांब्यावर, जस्तावर, लाकडावर किंवा लिनोवर ती उलटी उतरवावी लागते. मग शाई, मग दाब, मग ओलसर कागद. म्हणून कलाकारांच्या ज्या मुक्कामाला हल्ली सर्रास ‘रेसिडेन्सी’ म्हणतात, त्याचा हिशेब मुद्राचित्रापुरता वेगळा मांडावा लागतो. मुक्काम एकीकडे, छपाई दुसरीकडे. मधल्या काळात बरेच काही गळून जाते, आणि ते गेलेलेच बरे असते.

महाराष्ट्रातला याचा जुना दाखला वेरूळचा. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईत आला आणि पुढे पुण्याला पोचला. पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. गंगाराम चिंतामण तांबट, आडनाव नवगिरे, याच वर्तुळातला. त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली, वेल्सनेही तिथे काम केले. वेल्स नोव्हेंबर 1795 मध्ये वारला. रेखाटने लंडनला गेली आणि 1803 मध्ये थॉमस डॅनियलने त्यांवरून वेरूळच्या लेण्यांची 24 चित्रे अॅक्वाटिंटमध्ये छापून काढली.

अॅक्वाटिंटची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड भुरभुरवतात आणि पत्रा खालून तापवतात, की कण जागच्या जागी चिकटतात. अॅसिड कणांच्या मधल्या उघड्या तांब्याला खाते. जेवढा भाग पांढरा हवा तेवढ्यावर आधीच वार्निश चढवतात. फिकट छटा साधली की तिथेही वार्निश, आणि पत्रा पुन्हा अॅसिडमध्ये. सर्वांत काळा भाग सर्वांत जास्त वेळ खाल्लेला असतो. लेण्याच्या आतला अंधार दाखवायला याहून नेमकी रीत सापडणे कठीण. शिवाय कैलास लेणेही वरून खाली, नको तो दगड काढत काढतच घडले आहे. वहीतल्या रेघेपेक्षा पत्रा त्याच्या जास्त जवळचा.

शीर्षकपानावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे. गंगारामाचे नाही.

तांबटांच्या हाताची दुसरी हकीकत ज्वारीच्या काळ्या रानासाठी ओळखल्या जाणाऱ्या मंगळवेढ्याच्या जरा जवळ येते. मॅलेटच्याच काळात पुण्यातला एक तांबट तांब्यावर अक्षरे कोरून छापायला शिकला आणि नाना फडणविसांच्या मनात अशी भगवद्गीता छापून घ्यायचे होते, असे मुद्रणाच्या इतिहासात अ. का. प्रियोळकरांनी नोंदवले आहे. सवाई माधवराव गेल्यावर सगळेच विस्कटले. कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि गीता 1805 मध्ये तिथे छापली गेली. मंगळवेढे पटवर्धनांच्याच दुसऱ्या पातीकडे, म्हणजे सांगली संस्थानात, ते विलीन होईपर्यंत होते. उलटी अक्षरे सुबक कोरणारा हात या मुलखाला दोनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

आणि खुद्द मंगळवेढ्याची जमीन? ती पाहायला मुद्राचित्रकाराने नक्की यावे, पण एकदाच येऊन भागणार नाही. ही खोल काळी जमीन रब्बीची. पेर भाद्रपद-अश्विनात, त्यानंतर शाळू जवळपास जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच मातीच्या बळावर. ओल आटत गेली की रान उलते. माघात ताटांच्या ओळींमधल्या भेगेत हात सहज जातो. कडेला माती कोरडी, करडी. आत अजून काळी. एक भेग दुसरीला बहुधा आडवी जाऊन मिळते, त्यामुळे वेडीवाकडी चौकट तयार होते. अॅसिडने खोल खाल्लेल्या पत्र्यासारखी, फक्त कित्येक एकरांची.

पत्र्याच्या खोलीवरच मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डींनी (1925–2018) पॅरिसच्या अतेलिए 17 या कार्यशाळेत काम केले. कमी-जास्त खोल कोरलेल्या एकाच पत्र्यावर दाट-पातळ शाया, कडक आणि मऊ रोलरने चढवायच्या. मऊ रोलर खोलगटात पोचतो, कडक वरवर फिरतो. 1963 चे ‘व्हर्लपूल’ असेच छापलेले आहे. उललेले रान या रीतीला आयते जुळते.

अडचण आहे ती यंत्राची. एचिंगचा प्रेस जड, अॅसिडला हवेशीर वेगळी जागा हवी. भाड्याच्या खोलीत हे जमत नाही. लिनो किंवा लाकडाचा ठसा मात्र चमच्याच्या पाठीने घासूनही कागदावर उतरतो. म्हणून महिनाभराच्या एका सलग मुक्कामापेक्षा दोन खेपा फायद्याच्या: पेरणीला आठवडा, सुगीला आठवडा, मधले महिने शहरातल्या प्रेसवर. हुरड्याच्या दिवसांत येऊन चार रेखाटने घेऊन जाणाऱ्यांकडून भेगांची चित्रे होत नाहीत, हुरड्याचीच होतात.

आवृत्ती छापून झाली की प्रत्येक प्रतीच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने तिचा क्रमांक आणि एकूण संख्या लिहितात, उजवीकडे सही. छापणारा वेगळा असेल तर त्याचा छोटा शिक्का कागदाच्या कडेला कोरडाच उठवतात. 1803 मध्ये गंगारामाच्या वाट्याला तेवढाही आला नाही.